एचआयव्ही-एड्स : प्रतिबंध, उपचार आणि सामाजिक कलंक – एक आढावा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्णांची संख्या, शस्त्रक्रियांचे तक्ते, शिबिरांची छायाचित्रे व देणगीदारांची नामावली यांना हक्काचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु काही आजार असे आहेत की त्यांचे यथार्थ मापन तक्त्यात मावत नाही. एचआयव्हीचा संसर्ग हा त्यांपैकी एक. या आजारावर आज परिणामकारक औषध आहे, ते शासनाकडून विनामूल्य मिळते, मातेकडून बालकाकडे होणारा संसर्ग रोखता येतो, आणि तरीही चाचणीच्या दारापर्यंत येऊन माघारी फिरणारी माणसे आम्ही नित्य पाहतो. हे असे का, याचा विचार आमच्या हितचिंतकांपुढे मांडावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

१९८१ च्या जून महिन्यात अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली आणि या साथीची जगाला प्रथम चाहूल लागली. विषाणूचा शोध १९८३ मध्ये लागला. भारतात मात्र ‘हा परदेशी आजार, तो आपल्याकडे यायचा नाही’ अशी समजूत पुष्कळ काळ होती. १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सोलोमन व त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते तपासले गेले आणि त्यांतील काही नमुन्यांत संसर्ग आढळला. डॉ. सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने स्थापन केलेल्या संस्थेत सहस्रावधी रुग्णांवर उपचार झाले. महाराष्ट्रात या गोष्टीचा उल्लेख फारसा होत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम केला आहे.

पहिल्या दशकात वैद्यकशास्त्राकडे देण्यासारखे फारसे नव्हते. समाजाने आणि शासनानेही मग भीतीचाच आधार घेतला. गोव्यातील १९८९ चे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. डॉमिनिक डिसूझा हा स्वेच्छेने रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात विषाणू आढळला, तेव्हा गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन त्याला पोलिसांकरवी ताब्यात घेण्यात आले आणि क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस एकाकी ठेवण्यात आले. त्याची आई ल्यूसी डिसूझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली, परंतु रुग्णाला विलग ठेवण्याची कायद्यातील तरतूद न्यायालयाने वैध ठरविली. डॉमिनिक १९९२ मध्ये निवर्तला. अंगाला अंग लागून, एका ताटात जेवून किंवा डास चावून हा विषाणू पसरत नाही हे त्या काळीही शास्त्राला ठाऊक होते. म्हणजे अज्ञान हे त्या कोठडीचे संपूर्ण कारण नव्हते. ज्ञान असूनही ते आचरणात उतरले नाही, हे खरे कारण होय. कलंकाचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो, कारण केवळ माहितीपत्रके वाटून कलंक नाहीसा होईल अशी आशा अनेक कार्यक्रमांनी बाळगली आणि ती पुरती फळली नाही.

त्याच उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेला दुसरा निर्णय मात्र दिशादर्शक ठरला. एका सार्वजनिक क्षेत्रातील महामंडळाने एका रोजंदारी कामगाराला केवळ रक्तचाचणीच्या निष्कर्षावरून काम नाकारले होते. कामगार काम करण्यास समर्थ असेल व त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ संसर्गाच्या कारणावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या कामगाराचे नाव गुप्त राखून खटला आद्याक्षरांनी चालविण्यात आला. ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आम्हाला निर्णयाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण नाव उघड होण्याच्या भीतीने न्याय मागण्यासच कोणी पुढे येत नाही.

पत्नी आणि बालक

या आजाराविषयी जनमानसात रुजलेली एक समजूत अशी की तो ‘वाईट चालीच्या’ माणसांना होतो. पुण्याच्या भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली (अलीकडे तिचे नाव बदलले असून तिच्या कार्याची व्याप्ती इतर विषाणूंच्या अभ्यासापर्यंत वाढली आहे). या संस्थेच्या संशोधकांनी पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झालेला होता. यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे पतीशी, त्यांचा संबंध आला होता. चिकित्सालयात तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांचे हे प्रमाण आहे, सर्वसाधारण समाजाचे नव्हे. परंतु ‘एकनिष्ठ राहा म्हणजे सुरक्षित राहाल’ हा तत्कालीन प्रचारातील उपदेश ज्या स्त्रीने तंतोतंत पाळला, तिलाच तो निरुपयोगी ठरला, हे या अभ्यासाने दाखवून दिले. आजही भारतातील संसर्गितांमध्ये स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे.

अशा स्त्रीच्या वाट्याला दोष दुहेरी येतो. पती आधी आजारी पडतो, त्याच्या उपचारात शेत वा दागिने जातात, आणि तो गेल्यावर ‘हिनेच घरात रोग आणला’ असे म्हणून तिला माहेरी पाठविले जाते. आमच्या समुपदेशन कक्षात हे कथन इतक्या वेळा, इतक्या सारख्या शब्दांत ऐकू येते की गावाचे व आडनावाचे वेगळेपण तेवढे उरते. पत्नीची चाचणी पतीच्या आधी, गरोदरपणात, होत असल्याने दोष तिच्यावर ढकलणे सोयीचे होते, हे येथे सांगितले पाहिजे. प्रसूतिपूर्व तपासणी ही अत्यंत आवश्यक गोष्ट आहे, परंतु त्याच वेळी पतीचीही चाचणी झाली नाही तर तिचा भार एकटीवर पडतो. म्हणून गर्भवतीच्या पहिल्याच भेटीत पतीला सोबत येण्यास आम्ही आग्रहाने सांगतो. सासूबाईंनाही सांगतो, कारण प्रत्यक्षात निर्णय पुष्कळदा त्यांचाच असतो.

मातेकडून बालकाकडे होणाऱ्या संसर्गाच्या बाबतीत मिळालेले यश मात्र निर्विवाद आहे. कोणताही उपाय न केल्यास गर्भावस्था, प्रसूती व स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बालकांना संसर्ग होऊ शकतो. १९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्समधील संशोधनाने असे दाखविले की झिडोव्हुडिन या एकाच औषधाने हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने नेव्हिरापिनची एक मात्रा मातेला व एक बालकाला देण्याचा स्वस्त मार्ग दाखविला, आणि भारतातही तोच प्रथम अवलंबिला गेला. आता प्रत्येक संसर्गित गर्भवतीला आयुष्यभराचे संयुक्त औषधोपचार तत्काळ सुरू केले जातात, बालकाला जन्मल्यापासून काही आठवडे औषध दिले जाते आणि संसर्गाची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. बालकाची पहिली चाचणी सहा आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होते. अंतिम निष्कर्षासाठी अठरा महिने थांबावे लागते, कारण मातेकडून आलेली प्रतिद्रव्ये तोवर बाळाच्या रक्तात राहू शकतात. या दीड वर्षात मातेला किती वेळा ‘बाळ कसं आहे’ हा प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येक वेळी ती काय उत्तर देते, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

औषधाचा प्रवास

१९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि पाश्चात्त्य देशांत मरणाची वाट पाहणारे रुग्ण उठून कामाला लागले. आपल्याकडे ती औषधे ठाऊक होती, परवडणारी नव्हती. एका रुग्णाचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला या कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दराने, देण्याची तयारी आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेपुढे जाहीर केली. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधाच्या उत्पादनावर पेटंट नव्हते, केवळ प्रक्रियेवर होते, म्हणूनच हे शक्य झाले. पुढे आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांचे प्राण भारतीय कारखान्यांत तयार झालेल्या गोळ्यांनी वाचले. या घटनेचा अभिमान वाटतो, आणि त्याच मुंबईच्या रुग्णांना शासकीय केंद्रातून ही औषधे विनामूल्य मिळण्यासाठी आणखी तीन वर्षे थांबावे लागले, याची खंतही वाटते.

१ एप्रिल २००४ रोजी देशातील मोजक्या शासकीय रुग्णालयांत मोफत एआरटी उपचार सुरू झाले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. पहिल्या फळीची औषधे ज्यांना लागू पडेनाशी झाली त्यांच्यासाठी दुसऱ्या फळीची औषधेही २००८ मध्ये प्रथम जे. जे. व चेन्नईच्या तांबरम येथेच उपलब्ध झाली. आरंभी सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावरच उपचार सुरू होत. ही मर्यादा पुढे ३५० आणि ५०० वर नेण्यात आली, आणि २०१७ पासून चाचणीत संसर्ग आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण देशाने स्वीकारले. पेशी कमी होण्याची वाट पाहावी लागत असे त्या काळात ‘अजून तुम्ही पुरेसे आजारी नाही’ असे रुग्णाला सांगण्याची वेळ येई. ते वाक्य आता कोणत्याही समुपदेशकाला उच्चारावे लागत नाही.

या धोरणामागे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे. पुणे व चेन्नई येथील जोडपीही त्यात सहभागी होती. पती-पत्नींपैकी एकालाच संसर्ग असताना त्याने लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. पुढील संशोधनाने याहून स्पष्ट निष्कर्ष दिला : नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबलेला असेल, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याकडे जात नाही. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध झाला. हे एक वाक्य गावोगाव पोहोचले तर कलंकाचा पाया खचू शकेल, असे आमचे मत आहे. ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असे फलक रंगविण्यासाठी आपण जेवढी भिंत वापरली, तेवढी या वाक्यासाठी अद्याप वापरलेली नाही. या आजाराच्या जनजागृतीचे चिन्ह लाल फीत आहे. आपल्या भाषेत लाल फितीचा दुसरा अर्थही सर्वपरिचित आहे, आणि नव्या ज्ञानाचा प्रसार पाहता तो दुसराच अर्थ अधिक लागू पडतो की काय, असे कधी कधी वाटते.

आकडे काय सांगतात

आकड्यांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. २००७ पूर्वी भारतात पन्नास लाखांहून अधिक संसर्गित असल्याचे मानले जात होते. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सर्वसामान्य कुटुंबांतील सुमारे एक लाख प्रौढांची चाचणी झाली आणि २००७ मध्ये तो अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. संसर्ग एका रात्रीत निम्मा झाला नव्हता. आधीचे अंदाज मुख्यतः शासकीय चिकित्सालयांत येणाऱ्यांवर आधारलेले होते, एवढाच याचा अर्थ.

२०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५.४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत आणि प्रौढांमधील प्रमाण ०.२० टक्के आहे. संख्येने महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढे असून येथील संसर्गित चार लाखांच्या घरात आहेत. संख्या २००७ एवढीच दिसते म्हणून निराश होण्याचे कारण नाही. उपचारामुळे माणसे जगू लागली, हेही तिचे एक कारण आहे. २०१० च्या तुलनेत एड्सने होणारे मृत्यू तीन चतुर्थांशाहून अधिक घटले आहेत. नवे संसर्ग मात्र याच काळात सुमारे ४४ टक्क्यांनीच घटले, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याचे उद्दिष्ट ८० टक्के घटीचे होते. आपण माणसांना जगविण्यात यशस्वी झालो, संसर्ग थांबविण्यात तेवढे झालो नाही.

याचे उत्तर दुसऱ्या एका आकड्यात आहे. संसर्गितांपैकी ९५ टक्के लोकांना आपली स्थिती ठाऊक असावी, त्यांपैकी ९५ टक्के उपचारावर असावेत, आणि त्यांपैकी ९५ टक्क्यांच्या रक्तातील विषाणू दबलेला असावा, असे जागतिक उद्दिष्ट आहे. भारतात हे तीन आकडे अनुक्रमे ८१, ८८ आणि ९७ असे सांगितले गेले. गोळी नियमित घेणाऱ्याला ती लागू पडते, हे तिसऱ्या आकड्याने सिद्ध होते. खरी गळती पहिल्या पायरीवर आहे : पाचांतील जवळजवळ एकाला आपल्याला संसर्ग आहे हेच माहीत नाही. चाचणी विनामूल्य असताना माणूस ती का करून घेत नाही? निष्कर्षाच्या भीतीने, आणि त्याहूनही अधिक, निष्कर्ष कोणाला कळेल या भीतीने.

ही भीती निराधार नाही. आमच्याकडे आलेल्या एका रुग्णाला अन्यत्र एका रुग्णालयात हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. रक्ताचा अहवाल आल्यावर ‘यंत्र बिघडले आहे’ असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले, आणि त्याच्या केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत जे लिहिले होते ते रांगेतील शेजाऱ्याने वाचले. शेजारी त्याच्याच गावचा होता. पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. कलंकाचा विचार करताना आपण नेहमी खेडूत, अशिक्षित, रूढिग्रस्त समाजाकडे बोट दाखवितो. वास्तविक पांढऱ्या कोटातील भेदभाव अधिक घातक असतो, कारण त्याला शास्त्राचा मुलामा असतो.

म्हणून वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी काही गोष्टी येथे स्पष्टपणे नोंदवितो. संसर्गित रुग्णाला वापरलेली सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन इतकी असते. हिपॅटायटिस-बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला त्याच विषाणूच्या बाबतीत हा धोका शंभरात सहा ते तीस इतका असतो. तरीही कावीळ झालेल्या रुग्णाला हात लावण्यास कोणी कचरत नाही. शिवाय ज्याचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आहे तो संसर्गाच्या आरंभीच्या, चाचणीत न दिसणाऱ्या काळात असू शकतो. सबब प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गयुक्त मानून हातमोजे व सुईची विल्हेवाट यांचे नियम पाळणे हाच सुरक्षेचा एकमेव मार्ग आहे. काही रुग्णांवर खूण करून इतरांच्या बाबतीत ढिलाई करणे कर्मचाऱ्यांसाठीच धोक्याचे आहे. सुई टोचलीच तर जखम साबणपाण्याने धुवावी, शक्यतो दोन तासांत व कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करावे आणि ते २८ दिवस पूर्ण घ्यावे.

कायदा आणि त्यापुढे

२०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीशिवाय चाचणी करणे, संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करणे, शिक्षण, नोकरी, घर वा उपचार नाकारणे हे सर्व त्याने बेकायदा ठरविले. वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्यातील एक तरतूद वाचताना मन थबकते : आईबाप नसतील तर बारा ते अठरा वर्षांच्या समंजस भावंडाला धाकट्या भावंडाचे पालकत्व करता येते. शाळेच्या दाखल्यावर बारा वर्षांच्या बहिणीची सही चालावी, यासाठी कायदा करावा लागला, यावरून या साथीने किती घरे रिकामी केली ते समजते.

कायदा असूनही तक्रारी अल्प येतात. तक्रार करणे म्हणजे आपण होऊन नाव उघड करणे, असे रुग्णाला वाटते. येथे सामूहिक बळ उपयोगी पडते, हे सांगलीने दाखविले. १९९२ मध्ये मीना सेषू यांनी स्थापन केलेल्या ‘संग्राम’ संस्थेने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांना उपदेशाचा विषय न मानता कार्यक्रमाचे चालक केले. निरोध वाटणाऱ्या, आजारी सखीला दवाखान्यात नेणाऱ्या, पोलिसांशी बोलणाऱ्या त्याच. त्यांतूनच १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. पंढरपूरला मंगलताई शहा यांच्या ‘पालवी’ने अनाथ संसर्गित बालकांना घर दिले. ती मुले जगणार नाहीत असे मानण्याचा तो काळ होता.

ती पिढी आता मोठी झाली आहे, आणि यातून असे प्रश्न उभे राहिले आहेत ज्यांची पूर्वी कोणी कल्पना केली नव्हती. जन्मतः संसर्गित असलेल्या तरुणाला नोकरीच्या मुलाखतीत गोळ्यांची वेळ कशी सांभाळावी हे विचारायचे असते. तरुणीला लग्नाविषयी विचारायचे असते. संसर्गितांचे वधूवर मेळावे राज्यात काही ठिकाणी भरले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. दुसऱ्या टोकाला, वीस वर्षे औषध घेणारे रुग्ण आता साठीला आले असून त्यांना मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचेही उपचार हवे आहेत, आणि ते एआरटी केंद्रात मिळत नाहीत. ऊसतोडणीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या मजुराला औषधाचा साठा कोठून मिळावा, हा प्रश्नही पूर्णतः सुटलेला नाही. दूरच्या केंद्रातून औषध घेण्याची सोय कागदावर आहे. त्यासाठी ज्या ठिकाणी जावे लागते, तेथे मुकादमाकडून एक दिवसाची सुटी मिळाली तरच ती उपयोगी.

आमच्या रुग्णालयात प्रसूती विभाग, शस्त्रक्रियागृह व अपघात विभागात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक परिचारिका, कक्षसेवक व सफाई कर्मचाऱ्यासाठी वरील विषयांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण आहे. सफाई कर्मचाऱ्यांचा उल्लेख शेवटी आला असला तरी वापरलेल्या सुया सर्वांत अधिक त्यांनाच टोचतात, म्हणून त्यांच्या हिपॅटायटिस-बी लसीकरणाचा खर्च विश्वस्त मंडळाने आपल्याकडे घेतला आहे. प्रतिबंधक औषधांचा संच अपघात विभागात चोवीस तास उपलब्ध असतो. केसपेपरवर कोणतीही खूण केली जात नाही. चाचणी व समुपदेशनाविषयी माहिती हवी असल्यास कोणत्याही शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात अथवा १०९७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर, नाव न सांगता, विचारणा करता येते.